वेंगेनची जाळी आणि गेरनोट राइनस्टाडलर

सांगलीकर_झ्युरिकात

स्वित्झर्लंडच्या युंगफ्राउला जाऊन आलेल्या बऱ्याच जणांनी वेंगेन गाडीच्या खिडकीतून पाहिलं असेल. लाउटरब्रुनेनहून दातेरी रुळांची गाडी वर चढते, मध्ये हे गाव लागतं आणि टूरवाले काही उतरू देत नाहीत. त्याच डोंगरावर दर जानेवारीत लाउबरहॉर्नची डाउनहिल होते, म्हणजे डोंगरउतारावरून वेगाने स्की करत खाली यायची शर्यत. जवळपास साडेचार किलोमीटर, अडीच मिनिटं, सरळ पट्ट्यात ताशी दीडशेच्या पुढे.

आमचे शेजारी मूळचे ऑस्ट्रियातल्या टिरोलचे, वय ऐंशीच्या घरात. शर्यतीच्या शनिवारी आम्ही त्यांच्याकडेच असतो. सूप, पाव, टीव्ही. तीन वर्षं बघतोय, स्पर्धक शेवटच्या एस-वळणाशी आला की आजोबा टीव्हीकडे बघत नाहीत. चमचा खाली ठेवतात आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसतात. प्रत्येक स्पर्धकाला! यंदा स्वयंपाकघरात आजींना हळूच विचारलं. त्या एवढंच म्हणाल्या, "राइनस्टाडलर. एक्क्याण्णव."

घरी येऊन शोधलं. गेरनोट राइनस्टाडलर, टिरोलमधल्याच पिट्झटालचा स्कीपटू, वय २०. १८ जानेवारी १९९१, पात्रता फेरी. याच वळणात तोल गेला, स्कीचं टोक सुरक्षा-जाळीत अडकलं आणि त्या वेगात शरीर पुढे फेकलं गेलं. ओटीपोटाचं हाड दुभंगलं, रक्त थांबेना. मध्यरात्रीनंतर इंटरलाकेनच्या इस्पितळात त्याने प्राण सोडला. त्या वर्षीची डाउनहिल रद्द झाली. आखाती युद्ध सुरू होऊन दुसराच दिवस होता तो, आपल्याकडे कोणाला कळणार?

जाणकारांना दोन प्रश्न. वाचवायला लावलेली जाळीच जिवावर कशी उठली, आणि पुढे त्यात काही बदललं का? दुसरा प्रश्न खेळाचा नाही. आजोबांशी या विषयावर बोलावं का?

ताडपत्रीवाला

पहिल्याचं उत्तर देतो. प्रशिक्षक नाही, पण इथल्या एका लहान शर्यतीसाठी तीन हंगाम जाळ्या बांधल्यात.

पडलेला माणूस जाळीवर आदळला तर जाळी ताणते, धक्का खाते. हे झालं माणसाचं. स्की मात्र पायाला पक्की, आणि तिचं टोक निमुळतं. ते जाळीच्या घरात घुसलं की पाय तिथेच राहतो, बाकीचं शरीर निघालेलंच असतं. म्हणून आता उंच जाळीच्या बर्फालगतच्या भागावर गुळगुळीत ताडपत्री असते. स्की तिच्यावरून घसरत जाते. राइनस्टाडलरनंतर याकडे गांभीर्याने बघायला लागले. शिवाय पुढे बुटक्या जाळ्यांच्या रांगा असतात, लवचिक काठ्यांवर. त्या उखडतात, उखडायलाच हव्यात.

ताडपत्रीची खालची कड बर्फात नीट दाबलीय का, हे हातमोजे काढून बोटांनी चाचपावं लागतं. पहाटे, उणे बारा. पहिल्या वर्षी मी कुरकुर केली, तर आमच्या म्होरक्याने एकच शब्द उच्चारला: "वेंगेन." तेव्हा काही कळलं नव्हतं.

खडूस_नाशिककर

बदललं म्हणता, मग १९९४ मध्ये जर्मनीतल्या गार्मिशच्या शर्यतीत ऑस्ट्रियाच्या उलरिके मायरचा जीव गेला तो? सुपर-जी या डाउनहिलसारख्याच वेगवान स्की-शर्यतीची दोन वेळची विश्वविजेती, लहान मुलीची आई. २०२४ मध्ये इटलीची मातिल्दे लोरेन्झी, १९ वर्षांची, सरावात गेली. सरावाच्या उतारावर शर्यतीइतक्या जाळ्या कोण लावतं? ते कोणी बोलत नाही.

ताडपत्रीवाला

सरावाचं बरोबर आहे, तिथे आपलं एकमत. पण २०२४ च्या जानेवारीत वेंगेनलाच, शेवटच्या वळणात, नॉर्वेचा किल्डे जाळीत गेला. खांदा निखळला, स्वतःच्याच स्कीने पोटरी खोल कापली गेली. पण जगला.

कृष्णाकाठची_माई

दुसऱ्याचं मी सांगते. विचार हो बाळा. माझा थोरला भाऊ नदीत गेला, त्यानंतर घरात त्याचं नाव कोणी घेईना, आईला त्रास होईल म्हणून. बावीस वर्षांनी नव्या सुनेने भाबडेपणी विचारलं, तर आई दुपारभर त्याच्या बुटांबद्दल बोलत होती. एक नंबर मोठे घेतले होते म्हणे, वाढत्या अंगाचा म्हणून. मात्र हात हलवत जाऊ नकोस. काहीतरी घेऊन जा.

सांगलीकर_झ्युरिकात

माई, रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, तोच घेऊन गेलो. वडी चावताना आजोबांची कवळी अडकली, आजी हसल्या, आणि त्या हसण्यातच मी विचारून टाकलं.

ते राइनस्टाडलरला ओळखत नव्हते. त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा, क्लबात डाउनहिल शिकत होता. रात्रीच्या बातम्यांत दोघांनी ते पडणं पाहिलं. मुलगा काही न बोलता झोपायला गेला. सकाळी रेडिओवर बाकीचं कळलं, तर पोराला उठवून सांगायचं कोणी यावरून नवरा-बायकोत भांडण झालं. शेवटी कोणीच सांगितलं नाही, शाळेत कळलं त्याला. "ते माझं काम होतं," म्हणाले.

मग मला तळघरात घेऊन गेले. मुलाच्या लांब स्की अजून भिंतीला टेकवून ठेवल्यात. मुलगा आता बर्नला असतो, पन्नाशीकडे आला. आजोबांनी एक स्की आडवी धरली, माझा हात ओढून तिच्या टोकावर ठेवला आणि म्हणाले, "बघ, केवढंसं." माझ्या तळहाताखाली ते पूर्ण झाकलं गेलं.