मदत हवी आहे : गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची अफवा थोपवायची कशी?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठेचून मारलं. तसं पुन्हा कुठेच घडू नये, म्हणून गावच्या ग्रुपसाठी नियम लिहितोय.

दुहेरी बाणाचा, म्हणजे अनेकदा फॉरवर्ड झालेला मेसेज २०२० पासून एका वेळी एकाच चॅटला जातो. पण व्हिडिओ गॅलरीतून नव्याने टाकला किंवा मजकूर कॉपी केला की बाणही जातो आणि मर्यादाही. खरी पंचाईत हीच! वर ओळखीच्या माणसाने पाठवलंय म्हटल्यावर कुणी तपासत नाही, आणि भीती वाटली की हात आधी फॉरवर्डकडेच जातो.

ॲडमिनला मेसेज सर्वांसाठी डिलीट करता येतो, पण तोवर तो शेजारच्या गावांत पोचलेला असतो. शिवाय ‘काहीतरी लपवताहेत’ असा संशय वाढतो. चारचौघांत मेसेज खोटा आहे असं सांगितलं तर पाठवणारा दुखावतो, भावकीत फूट पडते.

तर अनुभवी ॲडमिननी सांगावं : आधी खाजगीत फोन करावा, की ग्रुपवरच खुलासा टाकावा? खुलाशात मूळ व्हिडिओ पुन्हा दाखवावा का? रात्री पोलीस पाटलांकडून खातरजमा होईपर्यंत ‘फक्त ॲडमिन’ सेटिंग (ग्रुपवर फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतो, ते) किती वेळ ठेवता?