एकाच प्रकारच्या चोरीला एकाला वर्ष, दुसऱ्याला १९ दिवस?

विहीरवाला: भाच्यावर विहिरीवरची पाण्याची मोटार चोरल्याची केस होती, न्याय संहितेचं कलम ३०३(२). मोटार परत मिळाली, आधीचा एकही गुन्हा नाही. तरी एक वर्ष सक्तमजुरी. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या न्यायाधीश साहेबांनी दुसऱ्या मोटारचोराला कच्च्या कैदेत काढलेले १९ दिवस हीच शिक्षा धरली, वर दंड लावला आणि सोडून दिलं. पोराने चोरी केली, त्यावर माझं भांडण नाही. पण शिक्षेचं माप कुठे ठरलेलं नसतं का?

जुना_शिरस्तेदार: नसतं. कायदा म्हणतो तीन वर्षांपर्यंत, किंवा नुसता दंड, किंवा दोन्ही. पहिल्या वेळेला खालची मर्यादाच नाही. म्हणून तर वकील सकाळी आधी विचारतात, "आज बोर्डावर कोणते साहेब?" शिक्षेबद्दल ऐकून घ्यायचं असतं तेव्हा आरोपी म्हणतो, "म्हातारी आई आहे, साहेब." सरकारी वकील म्हणतात, "कडक शिक्षा द्यावी." रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, दोन ओळी लिहून मी पुढची केस पुकारायला सांगायचो.

एलएलबी_तिसरं_वर्ष: फौजदारी न्यायव्यवस्थेत सुधारणा सुचवणाऱ्या मलिमथ समितीने २००३ सालीच शिक्षेची मार्गदर्शक तत्त्वं सुचवली होती. मे २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केंद्राला यावर धोरण करण्याचा विचार करा म्हटलं. इंग्लंडमध्ये गुन्ह्यागणिक तक्ता आहे: दोष किती, नुकसान किती, त्यावरून सुरुवातीचा आकडा. पहिल्याच टप्प्यावर कबुली दिली तर एक तृतीयांशापर्यंत सूट. न्यायाच्या हितासाठी तक्ता सोडता येतो. अमेरिकेत तो बंधनकारक होता, २००५ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टाने सल्ल्यापुरता ठेवला.

जुना_शिरस्तेदार: ताई, तक्ता येऊ दे, मला हवाच आहे. पण त्यात भरायला माणसाची माहिती कोण आणणार? मोटारीची किंमत पंचनाम्यात असते, पोराची हकीकत नसते. विहीरवाले, निकालाच्या दिवशी भाच्याचं वय किती होतं?

विहीरवाला: एकविसाला चार महिने कमी.

जुना_शिरस्तेदार: मग १९५८ च्या परिविक्षा (कैदेऐवजी देखरेखीखाली सोडण्याच्या) कायद्याचं कलम ६ बघा. २१ च्या आतल्याला अशा गुन्ह्यात सहसा कैद द्यायची नाही. परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा, आणि कैद द्यायचीच तर कारणं लिहायची. हेही न्यायाधीशासाठी मार्गदर्शकच की, पासष्टहून जास्त वर्षं जुनं. निकालपत्रात अहवालाचा उल्लेख आहे?

विहीरवाला: आत्ता काढून बघितलं. अकरा पानांचं आहे, शिक्षेवर अर्धं पान. "समाजात वचक बसावा" एवढंच कारण. अहवाल हा शब्दच नाही. वयाबद्दल आमचे वकीलही काही बोलले नव्हते. अपिलासाठी म्हणून शिक्षा थांबवून जामीन दिलाय.

जुना_शिरस्तेदार: सेशन्सला अपिलाची मुदत ३० दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, पण त्यावर विसंबू नका. हा मुद्दा अपिलात पहिला घ्यायला सांगा. आणि जाताना शाळा सोडल्याचा दाखला न्या, आधार कार्डावर वय सांगत बसू नका.