हेल्पडेस्कमधून नेटवर्किंगला जायचंय, पहिलं सर्टिफिकेशन कोणतं करू?

रात्रपाळी_२:
नमस्कार मंडळी. दोन वर्षं हेल्पडेस्कला आहे. पासवर्ड रीसेट, प्रिंटर, व्हीपीएन लागत नाही, दिवसभर हेच. व्हीपीएनचं तिकीट आलं की मी ते नेटवर्क टीमकडे ढकलतो आणि ते लोक पुढे नक्की काय करतात हे मला कधीच कळत नाही, आणि मला तेच शिकायचंय. कोणी सांगतं ए प्लसपासून (कॉम्पटियाचं बेसिक आयटी सर्टिफिकेशन) सुरू कर, कोणी म्हणतं थेट सिस्कोची नेटवर्किंगची सीसीएनए दे. टीममधला एक जण म्हणतो नेटवर्किंग राहू दे, एडब्ल्यूएस म्हणजे अॅमेझॉनचं क्लाउड कर, आणि त्यानेच डम्प्सची, म्हणजे परीक्षेतून बाहेर आलेल्या प्रश्नांची, पीडीएफ पण पाठवलीये, म्हणे पंधरा दिवस पाठ कर, पास होशील. रोज दीड-दोन तास निघतात. कुठून सुरुवात करू?

सबनेटवाला:
ए प्लस नको. त्याचे दोन पेपर असतात आणि त्यात हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम, ट्रबलशूटिंग हेच सगळं, म्हणजे जे तुम्ही दोन वर्षं रोज करताय तेच. अगदी नवीन माणसाला ते चांगलं आहे, तुम्हाला त्यातून नवीन फार काही मिळणार नाही.

तुम्ही स्वतःच लिहिलंय की नेटवर्क टीम काय करते ते शिकायचंय, मग सीसीएनएच करा. एकच परीक्षा आहे, २००-३०१, वेळ १२० मिनिटं, आधी दुसरं काही पास असायची अट नाही, आणि सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या, त्यात मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, 'हा नंतर बघू' म्हणायची सोय नाही, त्यामुळे हात चालला पाहिजे. पॅकेट ट्रेसर, म्हणजे सिस्कोचं नेटवर्क सिम्युलेटर, फुकट मिळतं, त्यात दोन स्विच आणि एक राउटर घेऊन व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क्स) बनवा, मग मुद्दाम ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी लिंक) एक व्हीलॅन काढून टाका आणि पिंग का जात नाही ते शोधत बसा. माझं निम्मं शिकणं असं मोडून परत जोडण्यातच झालंय.

आणि सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कचे छोटे तुकडे पाडायचं गणित, रोज कागदावर. हे घ्या: १७२.१६.५.१३०/२६ (/२६ म्हणजे ३२ पैकी पहिले २६ बिट नेटवर्कचे, उरलेले ६ होस्टचे). नेटवर्क अॅड्रेस, ब्रॉडकास्ट आणि वापरता येणारे होस्ट सांगा, कॅल्क्युलेटर न घेता.

रूट_आणि_मूळ:
वरच्यांशी सहमत. हात चालण्यावरून माझा अनुभव सांगते. मी रेड हॅटची लिनक्सची परीक्षा, आरएचसीएसए, दिली, त्यात एकही ऑब्जेक्टिव्ह प्रश्न नसतो, समोर चालू मशीन असतं आणि कामं करून दाखवायची, ३०० पैकी २१० लागतात. मुख्य म्हणजे केलेली प्रत्येक सेटिंग रीबूटनंतर टिकली पाहिजे. पहिल्या वेळी मी एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते सांगणारी फाइल) यूयूआयडीचं, म्हणजे डिस्कच्या ओळख क्रमांकाचं, एक अक्षर चुकीचं टाकलं, शेवटच्या दहा मिनिटांत रीबूट केलं आणि मशीन इमर्जन्सी मोडला जाऊन थांबलं. घाबरून सुचेचना, वेळ संपला, सगळं केलेलं पाण्यात. तेव्हापासून एफएसटॅबला हात लावला की लगेच 'माउंट -ए' (त्या फाइलमधलं सगळं जोडून बघणारी कमांड) चालवते आणि एरर आली नाही तरच पुढे जाते, ऑफिसातसुद्धा. दुसऱ्यांदा पास झाले, पण खरं शिकवलं ते पहिल्या वेळेनेच. तर नेटवर्किंगबरोबर थोडं लिनक्स चालू ठेवा, पुढे क्लाउडला गेलात तर लागतंच.

पॅनेलवरचा:
मी इंटरव्ह्यू घेतो म्हणून डम्प्सबद्दल बोलतो. ती पीडीएफ आत्ताच डिलीट करा. परीक्षेतले प्रश्न बाहेर द्यायचे-घ्यायचे नाहीत हे आपण सही करून मान्य करतो, सापडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, वर बंदी येते. पण माझं दुखणं वेगळंच आहे. मध्ये एक मुलगा आला होता, एडब्ल्यूएसची सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएट परीक्षा पास, ७२० ला पासिंग असतं तिथे याचे ९०० च्या वर मार्क. मी विचारलं, व्हीपीसीमध्ये (एडब्ल्यूएसमधलं आपलं खासगी नेटवर्क) /२६ चा सबनेट केलास तर किती आयपी वापरायला मिळतील. गप्प. उत्तर ५९ आहे, एकूण ६४ आणि त्यातले ५ एडब्ल्यूएस स्वतःकडे ठेवतं, पण मला ५९ नकोच होते हो, ६४ कुठून आले एवढं सांगितलं असतं तरी पुढे बोलता आलं असतं. वाईट वाटलं, कारण मुलगा हुशार होता आणि पाठांतरात त्याचे महिने गेले होते.

क्लाउड वाईट नाही, जरूर करा, पण आधी नेटवर्किंग झालं की व्हीपीसी, राउट टेबल, सिक्युरिटी ग्रुप हे सगळं ओळखीचं वाटतं. आणि तारीख आत्ताच बुक करू नका, निदान दोन-तीन महिने लॅब होऊ द्या.

रात्रपाळी_२:
मनापासून आभार सगळ्यांचे. पीडीएफ उडवली. पॅकेट ट्रेसर टाकलं, व्हीलॅन १० आणि २० बनवले, ट्रंक मोडून पण बघितली, पिंग बंद पडल्यावर कारण माहीत असूनही शोधायला वीस मिनिटं गेली.

सबनेटवाला, तुमचं गणित: ब्लॉक ६४ चा, म्हणून ०, ६४, १२८, १९२. १३० हा १२८ च्या ब्लॉकमध्ये. नेटवर्क १७२.१६.५.१२८, ब्रॉडकास्ट .१९१, होस्ट .१२९ ते .१९०, म्हणजे ६२. चार मिनिटं लागली. बरोबर आहे का?

सबनेटवाला:
एकदम बरोबर. आता तोच पत्ता /२७ ने करा, एका मिनिटात.