हनिमूनला युरोप, ४ लाखांत: जावं का थांबावं?

जळगावचा नवरदेव

लग्न फेब्रुवारीत आहे. मी जळगावला पाइपच्या कंपनीत अकाउंट्सला, ती नाशिकला लॅबमध्ये. दोघांनी दोन वर्षांपासून थोडे थोडे करून ४ लाख बाजूला टाकलेत, खास फिरायला, कर्ज एका रुपयाचं नाही. दोघांच्याही मनात युरोप आहे. पहिली आखाजी (अक्षय्य तृतीया) माहेरीच, असं तिच्या आईने आधीच सांगून टाकलंय आणि मलाही ते पटतं, झोका-गाणी सोडून तिला कुठं नेणार, म्हणून आखाजी आटोपली की मेच्या पहिल्या आठवड्यात निघायचं, १० रात्री, आणि १७ मेला अधिक महिना लागायच्या आत परत यायचं, सासुरवाडीला धोंडे जेवायचंही ठरलंय.

घरात दोन तट पडलेत. वडील म्हणतात केरळ करा, लाखाच्या आत मस्त फिराल, उरलेले एफडीत टाका. मोठा भाऊ म्हणतो जायचंच तर पॅकेजने जा, एकटं अंगावर घेऊ नको. एका टूरवाल्याचं कोटेशन आलंय, १० दिवसांत ७ देश, दोघांचे साडेपाच लाख, ते आमच्या आवाक्याबाहेर आहे. स्वतः प्लॅन केलं तर ४ लाखांत बसेल का? स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

धुळ्याचे काका

स्पष्टच सांगतो बेटा, आता नको जाऊ. फिरण्याला माझा विरोध नाही, पण तूच लिहिलंय की तू जळगावला आणि सूनबाई नाशिकला. म्हणजे लग्नानंतर दोघांपैकी एकाला नोकरी सोडावी लागणार. नवी लागेपर्यंत तीन महिने जातात का आठ, कोणी सांगावं. शिवाय वेगळं बिऱ्हाड करायचं म्हटलं तर डिपॉझिट, फ्रिज, पलंग, गॅस, एकेक करत दीड-दोन लाख कधी उडतात समजत नाही. माझ्या पुतण्याने हेच केलं, फिरून आले आणि तिसऱ्या महिन्यात वॉशिंग मशीनसाठी बापापुढे हात पसरला. बापाने दिले, पण पोराची मान खाली गेली ती मी बघितली आहे, म्हणून लिहितो.

आणि व्हिसा नाकारला तर फी परत मिळत नाही, हे माहितेय ना? शेंगेन व्हिसाची, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना एकच चालतो त्याची, फी जून २०२४ पासून माणशी ९० युरो झालीय, अर्ज घेणाऱ्या सेंटरचा चार्ज वेगळा. दोघांचे वीस-पंचवीस हजार नुसत्या अर्जालाच. काश्मीर करा, पाच वर्षांनी हात मोकळा झाला की निवांत युरोप करा.

भुसावळची पोर, सध्या पुणे

काका तुमचा मुद्दा खोटा नाही पण पाच वर्षांनी हात मोकळा होतो हे मला पटत नाही. पाच वर्षांनी पोरं असतात, त्यांची शाळा असते, सासू-सासऱ्यांचे गुडघे असतात. मी हे माझ्या मोठ्या बहिणीचं बघितलंय, तिचं "पुढच्या वर्षी" नऊ वर्षं चालू आहे.

दादा, ४ लाखांत बसतं, पण ७ देश डोक्यातून काढ. आम्ही गेल्या मेमध्ये प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट केलं, ३, ३ आणि ४ रात्री. तिन्ही एका रेल्वेलाइनवर आहेत, प्राग ते व्हिएन्ना ४ तास, व्हिएन्ना ते बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. आपल्याकडे भुसावळहून मुंबईला जायला याहून जास्त वेळ लागतो. विमानाचं तिकीट जाताना प्राग आणि येताना बुडापेस्टहून काढायचं, मल्टी-सिटी म्हणून शोध, म्हणजे उलटं परत यायचा खर्च आणि एक दिवस दोन्ही वाचतात. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमान नाही, दुबई नाहीतर दोहाला बदलावं लागतं.

युरो १०५ धरून हिशेब सांगते. दोघांचं विमान १ लाख ३० हजार, आम्ही चार महिने आधी काढलेलं. व्हिसा आणि इन्शुरन्स ३० हजार. राहणं सरासरी ८५ युरो रात्र म्हणजे १० रात्रींचे ९० हजार, व्हिएन्ना महाग पडतं, बुडापेस्टला भरून निघतं. खाणं ४५ हजार. ट्रेन, मेट्रो, ट्राम ३० हजार. तिकिटं-बिकिटं, महाल, बुडापेस्टचे गरम पाण्याचे आंघोळीचे हौद ३० हजार. मुंबईपर्यंत जाणं-येणं आणि सटरफटर १५ हजार. झाले ३ लाख ७०. वरचे ३० हजार हातात ठेवायचे, त्याला शॉपिंगचं बजेट समजायचं नाही.

किचन असलेली खोली घ्या, ही एकच गोष्ट कर बाकी काही नाही केलं तरी चालेल. मी कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि ठेचा नेला होता. व्हिएन्नात रविवारी दुकानं बंद असतात हे आम्हाला शनिवारी संध्याकाळी समजलं, धावत जाऊन दही आणि कांदे आणले, आणि रविवारी त्या नॉनस्टिक पॅनवर भाकरी केली. फुगली नाही, कडा जाड राहिल्या, पण खिडकी उघडून ठेच्यासोबत खाल्ली, खालून लाल ट्राम जात होती आणि नवरा बोलला की आपण इथं राहायलाच आलोय असं वाटतंय. हे सात देशांच्या बसमध्ये होत नाही हो.

चोपड्याचा टूरवाला

मी याच धंद्यात आहे त्यामुळे माझं मत एकतर्फी वाटेल, तरी ऐका. ताई पुण्यात राहतात, इंग्लिश बोलायची सवय आहे. आमच्याकडे येणाऱ्या अर्ध्या जोडप्यांचा तो पहिलाच विमानप्रवास असतो. दोहाला रात्री गेट बदललं की घाबरून फोन येतात. पासपोर्ट हरवला, बायको आजारी पडली, तर पॅकेजमध्ये टूर मॅनेजर सोबत असतो. शाकाहारी जेवण दोन वेळ गरम मिळतं, आणि आपल्या माणसाला तिसऱ्या दिवशी ब्रेड नको होतो, हे मी बारा वर्षं बघतोय. टीसीएस, म्हणजे परदेशी टूरच्या पैशांवर आधीच घेतला जाणारा कर, कापला जातो म्हणून लोक बिचकतात, पण तो आयटीआर भरताना क्रेडिट मिळतो, बुडत नाही. तू अकाउंट्सचाच आहेस, तुला मी काय सांगू.

अमळनेरची सून

दादा तुमच्याबद्दल काही नाही, पण आम्ही असंच ७ देशांचं पॅकेज केलं होतं, नाव घेत नाही, आणि मला अजून वाईट वाटतं. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जायला अख्खा दिवस बसमध्ये गेला. पिसाच्या झुकत्या मनोऱ्याला ४० मिनिटं दिली, फोटो काढा आणि बसमध्ये बसा. सकाळी सहाला फोन वाजायचा, बॅगा बाहेर ठेवा. लग्नाला दोन महिने झाले होते, घरात वीस माणसं, नवऱ्याशी धड निवांत बोलणं झालं नव्हतं, आणि तिथं परत चाळीस माणसांत! संध्याकाळी एकदा तलावाकाठी बसलो होतो, नुकतं बोलणं सुरू झालं होतं, तर बसचा हॉर्न वाजला. त्या हॉर्नचा राग माझ्या मनातून अजून गेला नाही.

जेवण गरम मिळालं हे मात्र खरं आहे, तेवढं मान्य.

रावेरचा केळीवाला

जायचं का नाही ते नंतर बोला, आधी कागद बघा भो. माझा व्हिसा एकदा नाकारला गेलाय. घरी शेती, केळीचा पैसा येतो तेव्हा एकदम येतो, आणि मी अर्जाच्या आठ दिवस आधी ६ लाख खात्यात भरले, म्हटलं बॅलन्स चांगला दिसेल. उलटंच झालं. पैसा कुठून आला ते पटलं नाही. दुसऱ्या वेळी सात-बाराचं इंग्रजी भाषांतर, व्यापाऱ्याच्या पावत्या, आयटीआर, सगळं जोडलं आणि एक पानाचं साधं पत्र लिहिलं की पैसा असा असा आला, मग झालं. तुमच्या दोघांच्या पगाराच्या स्लिपा आहेत, तुम्हाला सोपं आहे, फक्त ते ४ लाख कोणाच्या खात्यात आहेत ते बघा आणि शेवटच्या महिन्यात इकडून तिकडे फिरवू नका. कंपनीचं रजेचं पत्र घ्या.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा हेही लोक चुकतात. जिथं जास्त रात्री, त्या देशाकडे. भुसावळच्या ताईसारखं केलं तर बुडापेस्टला ४ रात्री, म्हणजे हंगेरीकडे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज घेतात आणि कमीत कमी १५ दिवस आधी द्यावा लागतो, पण मेच्या गर्दीत अपॉइंटमेंट मिळत नाही, आत्ताच तारखा बघा. इन्शुरन्स ३० हजार युरोच्या कव्हरचा हवा. आणि वहिनींचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर राहू द्या, लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असं नाही, तिकीट मात्र पासपोर्टवर जे नाव आहे त्याच नावाने काढा आणि लग्नाची नोंदणी लगेच करून घ्या, गावात लग्न असेल तर ग्रामपंचायतीत होते.

व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचं नॉन-रिफंडेबल तिकीट काढू नका. यावर वाद घालू नका.

नंदुरबारची मास्तरीण

सगळे पैशांवर बोलताय, पोरीला काय पाहिजे ते कोणी विचारलं का? माझ्या मनात लहानपणापासून बर्फ होता. नवऱ्याने स्वस्त म्हणून दुसरीकडे नेलं, छानच होतं, पण बर्फ राहिला तो राहिला. स्वित्झर्लंड महाग आहे, कबूल, तिथं तर युरोही नाही, फ्रँक आहे, आणि जुंगफ्राउयोख या बर्फाच्या खिंडीत ३४५४ मीटरवर रेल्वे जाते पण तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर पडू शकतं. तरी सांगते, एकच देश, ६ रात्री, मुंबईहून झुरिचला थेट विमान, दुपारचं खाणं सुपरमार्केटमधून, आणि एकच मोठा डोंगर. ४ लाखांत ओढूनताणून बसेल. सहा रात्री मनासारख्या की दहा रात्री परवडतात म्हणून, हे तिला विचार.

धुळ्याचे काका

मास्तरीण बाई बरोबर बोलल्या, तिला विचार. माझं नोकरीबद्दलचं म्हणणं मात्र कायम आहे, त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही. भुसावळच्या ताईंनी पोरं आणि गुडघे सांगितले, पण घरभाडं कोण भरणार ते नाही सांगितलं.

भुसावळची पोर, सध्या पुणे

काका, हे खरंय, माझ्याकडे त्याचं उत्तर नाही. आमच्या दोघांच्या नोकऱ्या पुण्यातच होत्या. दादा, हे तुलाच ठरवावं लागेल.

अजून एक राहिलं. घरून तूप, पेढे, खव्याचं काही देतील, ते नेऊ नका. बाहेरून येणाऱ्याला युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, काढून घेतात. पीठ, मसाला, पापड, शेंगदाण्याची चटणी चालते. आणि फळांना सर्टिफिकेट लागतं पण पाच फळांना सूट आहे, अननस, नारळ, ड्युरियन, खजूर आणि केळी. रावेरच्या भाऊंनी छाती फुगवायला हरकत नाही.

रावेरचा केळीवाला

हे मला माहीतच नव्हतं! वा!

जळगावचा नवरदेव

सगळ्यांचे उत्तर तीन वेळा वाचले. काल रात्री तिला फोन केला, सगळं वाचून दाखवलं, काकांचंही. तिला बर्फ नको आहे. तिला पूल बघायचाय, प्रागचा चार्ल्स ब्रिज, सकाळी माणसं यायच्या आत, तिच्या लॅबमध्ये कॅलेंडरवर तो फोटो होता आणि चार वर्षं रोज ती त्याच्याखाली सॅम्पल लावत होती. हे तिने मला आधी कधी सांगितलं नव्हतं. मेमध्ये तिथं साडेपाचच्या आसपास उजाडतं, एवढं मी शोधून ठेवलंय.

काका, तुमच्या मुद्द्यावर आम्ही तासभर बोललो. बदली मी मागणार आहे, आमच्या कंपनीचं नाशिकला ऑफिस आहे, साहेबांशी सोमवारी बोलतो. बदलीचं पक्कं झाल्याशिवाय विमानाचं तिकीट नाही, हे तिनेच सांगितलं. नाहीच झालं तर यंदा फक्त सप्तशृंगीला जाऊ, आणि ४ लाख जसेच्या तसे ठेवू. झालं तर भुसावळच्या ताईंचा रस्ता, ३, ३, ४.

रावेरच्या भाऊ, ४ लाखांपैकी अडीच तिच्या खात्यात आहेत आणि दीड माझ्या आईच्या नावावर पोस्टात. आईचे माझ्याकडे आत्ताच घेतले, म्हणजे अर्जाच्या तीनेक महिने आधी, आणि पोस्टाचं पासबुक जोडलं, तर चालेल का? का आईचं पत्रही लागेल?