जुन्या ट्रॅक्टरचं ऑइल दुधाळ झालंय, बदललं की भागेल का?

खानापूर_भात: सेकंडहँड ट्रॅक्टर, ३५ एचपी, गिअरबॉक्स आणि लिफ्टला एकच ऑइल. ऑइल मोजायच्या काडीवर ते दुधासारखं दिसतंय. इंजिन बंद केलं की उचललेला नांगर पाच मिनिटांत खाली येतो. डिझेल घालून धुऊ का? ६८ नंबरचं हायड्रॉलिक चालेल?

निपाणी_पाना: डिझेल नको. त्यावर फिरवलं की पंप आणि बेअरिंगं घासतात, आणि खोबणीत उरलेलं डिझेल नवं ऑइल पातळ करतं.

दुधाळ म्हणजे ऑइलात पाणी मिसळलंय. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा. सकाळी सुरू न करता ड्रेन प्लग थोडा सैल करा, सुटं पाणी असेल तर आधी तेच येतं. मग प्लग आवळा, अर्धा तास चालवा, लिफ्टचे हात पूर्ण खाली करा आणि ऑइल गरम असतानाच सोडा. प्लग एकच नसतो; डिफरन्शियलखाली, काही मॉडेलला एक्सलखालीही असतो. सक्शनची जाळी (पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती) काढून केरोसिनमध्ये धुवा, आतून बाहेर हवा मारा, ओ-रिंग (सीलची रबरी कडी) नवी घाला. जुनी ठेवली तर पंप हवा ओढतो, फेस येतो. चुंबकावर राखाडी लगदा चालतो. पितळी कपचे दिसले तर मेस्त्रीला दाखवाच.

६८ म्हणजे फक्त घट्टपणा. गिअर आणि ऑइलमधले ब्रेक यांना यूटीटीओ लागतं (गिअर, ब्रेक, लिफ्ट सगळ्यांना चालणारं ट्रॅक्टरचं ऑइल), मॅन्युअलमधला ग्रेड बघा. पहिलं भरलेलं ५० तासांनी परत सोडा, उरलेलं पाणी त्यात निघतं. खर्च दुप्पट, पण पंपापेक्षा स्वस्तच की.

चिकोडी_ऊस: पाणी येतंय कुठून ते आधी शोधा. चिखलणीत एक्सलचे सील, पावसात गिअर लिव्हरचं फाटलेलं रबर, धुताना ब्रीदर (गिअरबॉक्सचं हवेचं छिद्र). दुसऱ्याची डंपिंग ट्रॉली जोडली तर तिच्या जॅकमधलं घाण ऑइलही आत येतं.

नांगर खाली येणं हा ऑइलचा दोष नव्हे. सिलिंडरची ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह बघा. इंजिन चालू असताना लिफ्ट थोडी उतरून परत उचलते का? मग गळती आतच आहे.

खानापूर_भात: किती लिटर भरू? निघालं तेवढंच?

निपाणी_पाना: नको, त्यात पाणीही मोजलं जाईल. काडीच्या खुणेपर्यंत भरा, लिफ्ट पाच-सहा वेळा वरखाली करा, खाली ठेवून बंद करा आणि सपाट जागेवर परत काडी बघा. जाळी-सिलिंडरमध्ये ऑइल गेल्यानं पातळी उतरलेली असते, तेवढं वर घाला.