लिस्बन-पोर्तोच्या मधे कोइंब्राला मुक्काम करावा का? आई सोबत आहे

सायली_ठाणे

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिघं पोर्तुगालला चाललोय, मी, नवरा आणि आई. व्हिसा हातात आलाय, विमानाची तिकिटं झालीत, एकूण ९ रात्री आहेत. ज्याला विचारावं तो लिस्बन, सिंत्रा, पोर्तो एवढंच सांगतो. पण आईचं सगळं लक्ष कोइंब्राकडे लागलंय. ती ३१ वर्षं नाशिकच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती आणि तिथल्या जुन्या लायब्ररीत पुस्तकांना कीड लागू नये म्हणून वटवाघळं राहू देतात असं तिने कुठेतरी वाचलंय, तेव्हापासून रोज एकदा तरी विषय निघतोच. नवऱ्याच्या ऑफिसातले एक जण म्हणाले अर्धा दिवस पुरे, लिस्बनहून पोर्तोला जाताना उतरा, बघा आणि पुढे निघा. मला ते पटत नाहीये पण ठामपणे सांगायला माझ्याकडे काही नाही. आई ६७ ची आहे, तब्येत छान, पण गुडघे त्रास देतात. शाकाहारी आहे, केकमधलं अंडं चालतं, नुसतं नाही. कोणी राहून आलंय का? एक रात्र, दोन रात्री की खरंच अर्धा दिवस?

अनिकेत_एम

सायलीताई, दोन रात्री राहा. मी तिथे दोन वर्षं मास्टर्सला होतो आणि अर्धा दिवस वाले लोक रोज बघायचो, दहा-साडेदहाला बस भरून यायचे, चारला परत. त्यांना इमारती दिसतात, गाव दिसत नाही. बसेस गेल्या की गल्ल्यांमधून काळे अंगरखे घातलेली पोरं-पोरी बाहेर पडतात, कोणाच्या खांद्यावर गिटार, कोणी पायऱ्यांवर बसून उद्याच्या परीक्षेची रड सांगतंय. हे युनिव्हर्सिटीचं गाव आहे म्हणजे नुसतं युनिव्हर्सिटी असलेलं गाव नाही, गावाचा सगळा दिनक्रमच त्या पोरांवर चालतो.

आता आईंच्या लायब्ररीबद्दल, कारण ते मला मनापासून सांगायचंय. युनिव्हर्सिटी १२९० ची, सुरू झाली लिस्बनला, मग काही वेळा इकडून तिकडे हलली आणि १५३७ पासून कायमची कोइंब्रात, तीही राजाच्या जुन्या वाड्यात. जोआनिना लायब्ररी त्यानंतरची, १७१७ ते १७२८ मध्ये बांधलेली. एकापाठोपाठ एक तीन दालनं, प्रत्येकाचा रंग वेगळा, त्यावर सोनेरी चिनी पद्धतीची नक्षी. पण आईंना म्हणावं नक्षी नंतर बघा, आधी भिंत आणि दार बघा. भिंती दोन मीटरहून जाड आहेत आणि मोठं दार सागवानी, त्यामुळे आतलं हवामान वर्षभर जवळजवळ सारखं राहतं. कपाटं ओक लाकडाची, त्याचा वास किड्यांना नको असतो. तरी जे किडे येतात ते रात्री वटवाघळं खातात. म्हणून रोज संध्याकाळी बंद करताना जुन्या टेबलांवर चामडी आच्छादनं टाकतात, विष्ठेने लाकूड खराब होऊ नये म्हणून, आणि सकाळी सगळं पुसून मग दारं उघडतात. वटवाघळं दिवसा दिसत नाहीत, तेवढं आधी सांगून ठेवा म्हणजे हिरमोड व्हायला नको. वरच्या कप्प्यांची शिडी कपाटाच्या दोन खणांमधल्या फटीत सरकवून ठेवलेली असते, पटकन कळतही नाही की तिथे शिडी आहे, ग्रंथपाल माणसाला ती फार आवडेल.

आत वेळ ठरवून थोड्या थोड्या लोकांना सोडतात आणि थोड्याच मिनिटांत पुढच्या गटासाठी बाहेर यावं लागतं, त्यामुळे तिकीट ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. तळघरात विद्यार्थ्यांसाठीचा जुना तुरुंग आहे, तोही चुकवू नका.

चढाचं म्हणाल तर टॅक्सीने वर जा आणि मग रमतगमत पायी उतरा, जुनं कॅथेड्रल, मग क्वेब्रा-कोश्ताश नावाच्या पायऱ्या, मग आल्मेदिनाची कमान आणि खाली बाजार.

वाटसरू_मिलिंद

माझं मत थोडं वेगळं आहे, ताईंनी दोन्ही बाजू ऐकाव्यात म्हणून लिहितो. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो, एक रात्र होतो आणि खरं सांगायचं तर निराश झालो. उकाडा प्रचंड, दुकानं निम्मी बंद, तुम्ही म्हणता ते काळे अंगरखेवाले विद्यार्थी म्हणजे पेन्सिली विकणारे चार जण. आणि युनिव्हर्सिटीच्या वरच्या भागात जुना चौक सोडला तर मोठमोठ्या चौकोनी दगडी इमारती, सरकारी कचेऱ्यांसारख्या. एवढ्या जुन्या गावाच्या डोक्यावर असं का ते कळलं नाही. लायब्ररी मात्र अप्रतिम, त्यात वाद नाही.

दुसरं म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला पायऱ्या उतरायला लावू नका! चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्यांना जास्त वाईट. क्वेब्रा-कोश्ताश या नावाचा अर्थच मुळी पाठ मोडणारं असा आहे. फरसबंदीचे छोटे गुळगुळीत दगड पाऊस पडला की साबण लावल्यासारखे होतात, माझी बायको तिथे घसरून मनगटावर पडली होती, फ्रॅक्चर नव्हतं म्हणून बरं.

अनिकेत_एम

मिलिंददादा, उतरायचं तुमचं शंभर टक्के बरोबर, मी विशीतल्या पायांनी विचार केला. सायलीताई, वर टॅक्सीने जा आणि खालीही टॅक्सीनेच या. खालचा बाजार, सांता क्रूझचा मठ, नदीकाठ हा भाग सपाट आहे, तो वेगळ्या वेळी आरामात फिरा. हॉटेल खालीच घ्या, वरचं स्वस्त मिळालं तरी नको. मी एकदा माझ्या आईबाबांना वर एका गेस्टहाउसमध्ये ठेवलं होतं, बुकिंग करताना लिफ्ट आहे म्हणाले आणि प्रत्यक्षात बंद, चौथ्या मजल्यावर बॅगा चढवल्या आम्ही.

ऑगस्टचं मात्र वाईट वाटलं वाचून, कारण त्या महिन्यात पोरं आपापल्या घरी गेलेली असतात आणि गाव रिकामं असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा एप्रिल-मे मध्ये जायला हवं. ऑक्टोबरच्या आसपास नव्या मुलांच्या स्वागताचा उत्सव असतो, लातादा म्हणतात, पायाला पत्र्याचे डबे बांधून मिरवणूक काढतात. मे महिन्यातला मोठा उत्सव क्वेइमा दाश फीताश, त्याची सुरुवात जुन्या कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर मध्यरात्रीच्या गाण्याने होते, हजारो लोक आणि सगळे गप्प.

आणि त्या चौकोनी इमारतींची गोष्ट दुःखाची आहे. १९४० च्या दशकात पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने टेकडीवरची जुनी वस्ती पाडली, घरं, गल्ल्या, जुनी कॉलेजं, आणि त्या जागी या इमारती उभ्या केल्या. तिथे राहणाऱ्यांना उठवून दुसरीकडे घरं दिली. सालाझार स्वतः याच युनिव्हर्सिटीत शिकलेला आणि इथेच प्राध्यापक होता. आणि पुढे १७ एप्रिल १९६९ ला त्यातल्याच गणिताच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष आलेले असताना विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधीने उभं राहून बोलू द्या म्हणून मागणी केली, त्याला बोलू दिलं नाही, रात्री अटक केली, आणि तिथून पोरांचा संप पेटला, परीक्षांवर बहिष्कार घातला. मला ती इमारत दिसायला आजही आवडत नाही पण तिच्यासमोरून जाताना हे आठवायचंच.

मडगांवकार

सालाझारचं नाव निघालं म्हणून लिहितो. आम्हा गोंयकारांना कोइंब्रा हे नाव घरातलं आहे. माझ्या आजोबांचे चुलतभाऊ तिथे डॉक्टरकी शिकले, आमच्याकडे त्यांचा काळ्या कापातला, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांच्या अंगरख्यातला फोटो आहे. ज्या माणसाने १९६१ पर्यंत गोवा सोडला नाही त्याचीच ही युनिव्हर्सिटी, हे खरं. पण तिथेच १९२० च्या दशकात आमचे आदेओदातो बार्रेतो आणि तेलो मास्कारेन्हास शिकत होते. मडगांवच्या बार्रेतोंनी तिथे भारतीय संस्कृतीच्या अभ्यासाची संस्था काढली आणि १९२८ मध्ये ‘इंडिया नोव्हा’ म्हणजे नवा भारत नावाचं पत्र सुरू केलं. पोर्तुगालमध्ये बसून, पोर्तुगीज भाषेत, टागोर आणि गांधी पोर्तुगीजांना समजावून सांगायचं काम! बार्रेतो १९३७ ला वयाच्या ३१ व्या वर्षी वारले. मास्कारेन्हास पुढे गोव्याच्या लढ्यात पडले आणि पोर्तुगालच्या तुरुंगात कित्येक वर्षं होते. गोव्याच्या लढ्यातले आपले सांगलीचे मोहन रानडे लिस्बनजवळ काशियाशच्या किल्ल्यात १९६९ पर्यंत कैदेत होते हे बऱ्याच मराठी लोकांना माहीत आहे, पण बार्रेतोंचं नाव गोव्याबाहेर फारसं कोणी घेत नाही. मी २०१८ ला गेलो तेव्हा युनिव्हर्सिटीच्या चौकात, जिथून खाली मोंदेगो नदी दिसते, तिथे कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिलो. वीस-बावीस वर्षांचा मडगांवचा मुलगा इथे उभा राहून काय विचार करत असेल.

सांता क्रूझच्या मठात पोर्तुगालच्या पहिल्या राजाची, आफोन्सो हेन्रीकची कबर आहे. आपल्या हापूसच्या नावात जो आफोन्सो आहे तो गोवा जिंकणारा आल्बुकर्क, हा नव्हे, पण नाव तेच, आईंना सांगा, त्यांना मजा वाटेल. आणि कॅफेत कान उघडे ठेवा. पैसे द्यायचे म्हणजे तिथे ‘पागार’, किल्ली म्हणजे ‘शाव्ह’, आपली चावी, पाव, बटाटा, घमेलं सगळं तिथलंच. मी गल्ल्यावर उभा होतो तर पलीकडच्या म्हातारबाई मुलीला म्हणाल्या ते ‘पागार’ मला इतकं स्वच्छ ऐकू आलं की मी वळून बघितलं.

सायली_ठाणे

मडगांवकार दादा, हे वाचून दाखवलं तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली मला ते नाव कागदावर लिहून दे. खूप आभार.

आता खाण्याचं कोणी सांगेल का? आणि संध्याकाळी त्या गाण्याचं, आईला पोर्तुगीज कळत नाही पण गाणं तिला कुठलंही चालतं.

भाग्यश्री_पोर्तो

मी सात वर्षं पोर्तोत आहे, कोइंब्राला वर्षातून दोन-तीनदा जाणं होतंच. खायचं तितकं कठीण नाही. काल्दू व्हेर्द नावाचं बटाटा आणि कोबीच्या जातीच्या पानांचं सूप सगळीकडे मिळतं पण त्यात सॉसेजची चकती टाकतात, आणि ती काढायला सांगितली तरी सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, म्हणून विचारा. ‘सेम कार्न, सेम पेश्य’ म्हणजे मांस नको मासे नको, हे पाठ करून जा. २०१७ पासून कायद्यानेच सरकारी कँटीनमध्ये एक तरी पूर्ण शाकाहारी पदार्थ ठेवावा लागतो, त्यामुळे युनिव्हर्सिटीच्या गावात शाकाहारी म्हटल्यावर कोणी चमकून बघत नाही. टेबलावर बसल्याबरोबर पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात येतं, नको असेल तर लगेच परत न्यायला सांगा. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा एका ठिकाणी न खाल्लेल्याचेही पैसे लावले होते, आम्ही बिल परत पाठवलं. गोड खायचं तर तेंतूगालचा पेस्ट्रीचा रोल, वरचा पापुद्रा इतका पातळ की बोटाला चिकटतो, पण आत अंड्याच्या पिवळ्याचा गर असतो, केकमध्ये चालतं तेवढं हे चालेल का ते आईंनाच ठरवू द्या.

गाणं नक्की ऐका. फादू म्हणजे पोर्तुगालचं पारंपरिक गाणं, कोइंब्राचा फादू लिस्बनपेक्षा वेगळा, परंपरेने पुरुषच गातात, तेही विद्यार्थ्यांचा काळा कापा घालून. गिटारही वेगळी, लिस्बनच्या गिटारीपेक्षा एक स्वर खाली लावलेली आणि डोक्याशी अश्रूच्या आकाराचं टोक. आपल्याकडे मैफलीत वाहवा निघते तसं तिथे गाणं आवडलं की टाळ्या न वाजवता घसा खाकरायची रीत आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं शेजारच्या काकांना ठसका लागलाय, मग मागून दुसरे, मग अख्खी खोली. जुन्या गावात संध्याकाळी तासाभराचे छोटे कार्यक्रम असतात, त्याचं तिकीट आधी काढून ठेवा.

आणि एक, आई ६५ च्या वर आहेत म्हणजे पोर्तुगालच्या रेल्वेत त्यांना अर्ध तिकीट, परदेशी असलं तरी चालतं, पासपोर्ट जवळ ठेवा. फास्ट गाडी कोइंब्रा-बी स्टेशनला थांबते, ते गावाबाहेर आहे, बॅगा घेऊन चालत निघू नका.

वाटसरू_मिलिंद

हे सगळं वाचून आम्ही चुकीच्या महिन्यात गेलो एवढं कळलं. ताई, दोन रात्रीच करा. फक्त नदीपलीकडचा सांता क्लारा-आ-व्हेल्या मठ चुकवू नका, सपाट आहे, आईंना झेपेल. नदीच्या पुरात इतक्यांदा बुडाला की नन्सनी १६७७ ला तो सोडला आणि अलीकडे गाळातून उकरून काढलाय. आम्हाला ऑगस्टच्या उन्हातही तिथे बरं वाटलं होतं.

सायली_ठाणे

दोन रात्री बुक केल्या, हॉटेल खाली बाजारात आहे, लिफ्ट आहे का ते फोन करून दोनदा विचारलं. लायब्ररीची सकाळची पहिली वेळ मिळाली. आईचा एकच प्रश्न उरलाय, त्या टेबलांवर टाकायची चामडी आच्छादनं दिवसा कुठे ठेवतात, ती बघायला मिळतील का?

अनिकेत_एम

मी कधी विचारलं नाही ताई. आईंना म्हणावं मी ग्रंथपाल आहे असं दारावरच्या माणसाला सांगा आणि विचारा. आणि काय म्हणाला ते इथे लिहा.