कॅन बँड : खरा कुठला, स्टुडिओतला की 'लाइव्ह इन श्टुटगार्ट १९७५'मधला?

अर्धी तार : काल संध्याकाळी कॅन या जर्मन रॉक बँडचा 'लाइव्ह इन श्टुटगार्ट १९७५' हा मैफलीचा अल्बम सलग ऐकला. दीड तास, पाच तुकडे. नावं नाहीतच, नुसते जर्मन आकडे : आइन्स, त्स्वाय, द्राय. तिसरा तर अर्ध्या तासाच्या वर. 'टागो मागो' या त्यांच्या स्टुडिओ अल्बमला लोक डोक्यावर घेऊन नाचतात, पण कोलोनची ही मंडळी काय चीज होती ते कळतं इथेच. याकी लीबेत्साइटचा ड्रम जागचा हलत नाही आणि बाकी तिघं त्याच्याभोवती चाचपडत जागा शोधतात. कापाकापी नाही, सारवासारव नाही.

रिकामा डबा : साफ चूक. होल्गर चुकाय नुसता बास वाजवायचा का? तासन्‌तास टेप चालू ठेवायची आणि मग ती कापून जोडून गाणं उभं करायचं, हा उद्योगही त्याचाच. 'टागो मागो'तलं 'हालेलुवाह' साडेअठरा मिनिटांचं, तेही असंच घडवलेलं. ती कात्री म्हणजे बँडमधलं एक वाद्यच. तू ऐकलास तो कच्चा माल.

अर्धी तार : कच्चा माल म्हणे! चुकणं, अडकणं, मग अचानक चौघांना एकदम वाट सापडणं... कात्री नेमकं तेवढंच फेकून देते.

मागची रांग : आवाजाचं पण बोला की राव. कॅनच्या लाइव्ह अल्बमच्या या मालिकेतल्या बऱ्याच टेप एका चाहत्याने रेकॉर्डर लपवून आत नेऊन केलेल्या. मला तरी हेडफोनवर बास म्हणजे नुसता चिखल वाटला.

डामोभक्त : मुळात गाणाराच नाही! डामो सुझुकीने १९७३ मध्येच बँड सोडला. त्यापेक्षा 'लाइव्ह इन पॅरिस १९७३' घ्या. त्यात 'व्हिटॅमिन सी' हे गाणं ओळखू येतं, पण डामो ते कुठल्या कुठे नेतो. तो अल्बम फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, आणि डामो त्याच महिन्यात गेला. मला अजून तो सलग ऐकवलेला नाही.

रिकामा डबा : आणि 'कापाकापी नाही' हे कोणी सांगितलं? श्टुटगार्ट बाहेर आला २०२१ मध्ये. गिटारवाला कारोली २००१ मध्ये गेला, लीबेत्साइट आणि चुकाय दोघंही २०१७ मध्ये. चौघांतला उरला एकटा कीबोर्डवाला इर्मिन श्मिट. त्याने ध्वनितंत्रज्ञ रेने टिनरला हाताशी धरून टेपा निवडल्या, साफसूफ केल्या. कात्री आहेच, फक्त हात बदलला.

अर्धी तार : धूळ झटकणं आणि कापणं यात फरक आहे की नाही?

मागची रांग : अर्धी तार, खरं सांग. तिसऱ्या तुकड्यात एकदाही पुढे ढकललं नाहीस?

अर्धी तार : नाही. एकदा थांबवलं फक्त, कुकर बंद करायला.

रिकामा डबा : म्हणजे सलग नाहीच. कापलंस तूही.